हायडेलबर्ग : आईबाबांसोबत एक दिवस पुरेल का? आणि पडका किल्ला दाखवावा का?

चिंचपाणी

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबा पहिल्यांदाच माझ्याकडे स्टुटगार्टला येताहेत. बाबा ७२ वर्षांचे, आई ६८. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं सह्याद्रीत पायपीट केली, पण गेल्या वर्षापासून उजवा गुडघा धरलाय. जर्मनीत काय बघायचंय असं विचारलं तर फोनवर लगेच म्हणाले, "एक किल्ला दाखव. बाकी तू ठरव."

माझ्या डोक्यात हायडेलबर्ग आहे. आमच्या शहरातून जाणारी नेकार नदीच पुढे तिथे जाते, त्यामुळे उगाच आपलं वाटतं. मी एकदाच गेलेय, ऑफिसच्या सहलीत. सहलवाल्यांनी सगळं मिळून दीड तास दिला होता, त्यात किल्ल्याच्या अंगणात जेमतेम वीस मिनिटं. तेव्हाचे फोटो बाबांना पाठवले तर त्यांचा प्रश्न आला, "एवढा श्रीमंत देश, मग किल्ला पडका का ठेवलाय? बांधून काढत का नाहीत?" मला उत्तर देता आलं नाही.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं जमेल की मुक्काम करावा? दुखऱ्या गुडघ्याने किल्ला होतो का? दोघंही शाकाहारी, आई अंडंही खात नाही. आणि बाबांना काय उत्तर देऊ? जाऊन आलेल्यांनी, राहिलेल्यांनी कृपया लिहा.

माइनकाठी

फ्रँकफर्टहून आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा मी हायडेलबर्गला नेतो. आतापर्यंत अकरा वेळा झालं. गुडघ्याची काळजी अजिबात करू नका. जुन्या गावात कॉर्नमार्क्ट नावाचा छोटा चौक आहे, तिथून डोंगरावर जाणारी केबलने ओढलेली रेल्वे निघते, बेर्गबान म्हणतात. पहिला थांबा किल्ल्याचा. किल्ल्याच्या तिकिटातच या खालच्या टप्प्याचं जाणं-येणं, वाइनचं मोठं पिंप आणि औषधांचं संग्रहालय येतं. मुख्य स्टेशन जुन्या गावापासून बरंच लांब आहे, चालत जाऊ नका. बस थेट बेर्गबानच्या दारात सोडते.

एकच सूचना, अंगणात आणि गावात सगळीकडे दगडी फरसबंदी आहे. काकूंना चपला नकोत, बूटच द्या.

टिंब

मुक्काम करा. संध्याकाळी सातनंतर टूरच्या बसगाड्या निघून जातात आणि गाव तुमचं होतं.

घाटमाथा

मी जरा वेगळं मत मांडतो. हायडेलबर्ग सुंदर आहे, पण मला गर्दीचा त्रास झाला. मुख्य रस्ता, हाउप्टश्ट्रासे, दीड किलोमीटरहून लांब, आणि त्यात निम्मी दुकानं जगात कुठेही मिळणारी. निवांत किल्ला आणि नदी हवी असेल तर नेकारवरच थोडं वर जा. नेकारश्टाइनाख म्हणून गाव आहे, तिथे डोंगराच्या एका धारेवर चार किल्ले आहेत. हिर्शहॉर्नही छान. लोकल गाडी जाते, नदीतून बोटही जाते.

प्राजक्त

घाटमाथा, मी चार वर्षं हायडेलबर्गमध्ये राहिलेय, पीएचडीला. तुमचं म्हणणं शनिवारी दुपारच्या हाउप्टश्ट्रासेबद्दल शंभर टक्के खरं आहे, पण हायडेलबर्गबद्दल नाही. मुख्य रस्त्याला समांतर असलेल्या उंटरे श्ट्रासेवर किंवा नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्यांत वळलात की माणसं एकदम कमी होतात. त्या उताराच्या गल्ल्यांत काही घरांच्या भिंतींवर पुराच्या रेघा कोरल्यात, प्रत्येक रेघेपुढे साल. सगळ्यात वरची १७८४ ची, माझ्या डोक्याच्याही वर. त्या हिवाळ्यात नदी गोठली होती, फेब्रुवारीत बर्फ फुटून लोंढ्यासारखं खाली आलं आणि लाकडी छताचा पूल घेऊन गेलं. मग राजाने, कार्ल थिओडोरने, दगडी पूल बांधला. तो १७८८ मध्ये पुरा झाला. आज लोक ज्याला 'जुना पूल' म्हणतात तो हाच, त्या जागेवरचा नववा.

चिंचपाणी, मुक्काम करच. आणि पहिल्या संध्याकाळी किल्ल्यावर जाऊच नकोस. पूल ओलांडून पलीकडच्या काठाला जा. फिलॉसॉफेनवेगची चढण गुडघ्याला झेपणार नाही (पुलावरून वर जाणारी श्लांगेनवेग नावाची नागमोडी वाट तर भयंकर उभी आहे), त्यापेक्षा काठाकाठाने नेकारवीजंच्या हिरवळीपर्यंत सपाट चाला. बाकं आहेत. जूनमध्ये ऊन साडेनऊपर्यंत असतं. किल्ला लाल वालुकाश्माचा आहे, पश्चिमेचं ऊन पडलं की आधी केशरी, मग विटकरी, मग जवळजवळ जांभळा दिसतो. बाबांना किल्ला आधी लांबून दाखव. आपणही गड आधी पायथ्यावरून बघतो ना, तसंच.

डोंगरवाट

बाबांच्या प्रश्नाने मन जिंकलं. मीही साताऱ्याचा आणि गडवेडा, त्यामुळे हाच प्रश्न मला पडला होता.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात पडला असं आमच्या गटातले एक जण सांगत होते. तसं आहे का?

अमात्य

डोंगरवाट, नाही. दुसऱ्या महायुद्धात हायडेलबर्ग जवळजवळ शाबूत राहिलं. त्या युद्धात गावाचं मोठं नुकसान झालं ते जुन्या पुलाचं, आणि ते केलं माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच. २९ मार्च १९४५ ला त्यांनी पुलाच्या कमानी उडवल्या. गावकऱ्यांनी १९४७ पर्यंत पुन्हा बांधला.

किल्ला त्याच्या अडीचशे वर्षं आधीच पडला होता, आणि त्याची गोष्ट नीट सांगण्यासारखी आहे.

हायडेलबर्ग ही फाल्ट्स प्रांताच्या इलेक्टरची राजधानी. इलेक्टर म्हणजे सम्राट निवडण्याचा अधिकार असलेला राजा. १६८५ मध्ये इथला इलेक्टर कार्ल निपुत्रिक वारला. त्याची बहीण लिझेलोटे. तिचा जन्म याच किल्ल्यातला, १६५२ चा. १६७१ मध्ये तिचं लग्न फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या धाकट्या भावाशी लावून दिलं होतं. भाऊ गेल्यावर चौदाव्या लुईने भावजयीच्या नावाने वारसाहक्क सांगितला आणि सैन्य घुसवलं. १६८९ मध्ये फ्रेंचांनी किल्ला जाळला, बुरूज सुरुंगाने उडवले. १६९३ मध्ये परत आले आणि उरलेलंही उडवलं, गावसुद्धा जाळलं. लिझेलोटे त्या वेळी फ्रान्सच्या दरबारात होती. तिने आयुष्यभर हजारो पत्रं लिहिली. आपल्याच नावाखाली आपला मुलूख बेचिराख केला, ही वेदना त्यांत पुन्हा पुन्हा येते.

शुभ्रा

सासरच्यांनी तिच्या नावावर तिचंच माहेर जाळलं.

अमात्य, हे वाचून काम थांबवून बसलेय. मी दोनदा गेलेय तिथे, आणि कुणीच हे सांगितलं नाही. मार्गदर्शक फक्त दारूच्या पिंपाबद्दल बोलत होता.

अमात्य

शुभ्रा, याहून नेमक्या शब्दांत मलाही सांगता आलं नसतं. तिच्या म्हातारपणीच्या एका पत्रात आठवण आहे. लहानपणी पहाटे पाच वाजता हायडेलबर्गच्या डोंगरावर पावाच्या तुकड्यासोबत चेरी खायची, आणि तेव्हा किती आनंदात होते, असं लिहिते. फ्रान्सला गेल्यावर ती पुन्हा कधीच माहेरी आली नाही.

पुढचं थोडक्यात. नंतरच्या इलेक्टरने १७२० मध्ये राजधानी मानहाइमला हलवली. कार्ल थिओडोरला किल्ला पुन्हा राहता करावा असं वाटलं, कामही सुरू झालं, तर १७६४ मध्ये वीज पडून आग लागली. त्यानंतर लोकांनी दगड उचलून घरं बांधायला नेले. हे थांबवलं ते कोणी? एका फ्रेंच माणसाने. शार्ल द ग्रेंबेर्ग नावाचा उमराव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्रं काढायला आला आणि तिथलाच झाला. स्वतःच्या पैशाने अवशेष जपले, चित्रं छापून जगभर पोचवली. फ्रेंचांनी पाडला आणि एका फ्रेंचानेच राखला.

टिंब

मुद्दा कळला. पण दारूच्या पिंपाबद्दलही कोणीतरी सांगा, माझी उत्सुकता ताणली गेलीय.

माइनकाठी

टिंब, घ्या. सध्याचं पिंप १७५१ चं, त्या जागेवरचं चौथं. १३० ओक झाडांचं लाकूड लागलं म्हणतात, मावायची सुमारे २ लाख २० हजार लिटर वाइन. वर चढायला जिना आहे आणि माथ्यावर नाचायला फळ्यांचा मंच. एवढं मोठं कशाला? तर द्राक्षं पिकवणारे शेतकरी कर वाइनच्या रूपात भरायचे. ज्याची जशी असेल तशी, आंबट-गोड सगळी त्यात एकत्र.

समोर पेर्केओचा लाकडी पुतळा आहे. दरबारातला ठेंगू विदूषक, पिंपाचा रखवालदार. पेल्याला कधी नाही म्हणत नसे, विचारलं की इटालियनमध्ये 'पेर्के नो', म्हणजे 'का नाही' म्हणायचा, त्यावरून हे नाव. आख्यायिका अशी की आजारी पडल्यावर वैद्याने पाणी प्यायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी गेला. पुतळ्याशेजारी एक घड्याळ आहे, खालची कडी ओढायला मुलांना जरूर सांगा. काय होतं ते इथे सांगत नाही.

डोंगरवाट

कर वाइनमध्ये! म्हणजे आपल्या पन्हाळ्याचा अंबारखानाच की. तिथे गंगा, यमुना, सरस्वती अशा धान्याच्या कोठ्या, इथे पिंप. साऱ्याचं पीक साठवायला राज्याला कोठार लागतंच.

अमात्य, माहितीबद्दल मनापासून धन्यवाद. पण मूळ प्रश्न राहिलाच. १७६४ नंतर बांधला का नाही? पैसे नव्हते हे समजतं, पण पुढे जर्मनी एकसंध झाला, श्रीमंत झाला. तेव्हा?

पेठकर

हा प्रश्न त्यांनाही पडला होता, आणि त्यावरून मोठं वादळ झालं. मी वास्तुरचनेचा निवृत्त प्राध्यापक, आमच्या अभ्यासक्रमात हा वाद शिकवला जात असे, म्हणून सविस्तर लिहितो.

अंगणात उभं राहिलं की दोन दर्शनी भिंती शेजारी शेजारी दिसतात. एक ओट्टहाइनरिश या इलेक्टरची इमारत, १५५६ च्या सुमाराची. जर्मनीतल्या रेनेसाँस वास्तूंपैकी अगदी सुरुवातीची. खिडक्यांमधल्या कोनाड्यांत सॅमसन, डेव्हिड, हर्क्युलिस, ग्रहदेवता. वरच्या मजल्यांना छप्पर नाही, त्यामुळे खिडक्यांतून आकाश दिसतं. दुसरी फ्रीडरिशची इमारत, १६०७ ची. हिला छप्पर आहे, आतली दालनंही सजवलेली आहेत, कारण १९०० पर्यंत कार्ल शेफर या वास्तुविशारदाने ती पुन्हा उभारली. मग शेफरने म्हटलं, आता ओट्टहाइनरिशचीही उभारू.

तेव्हा गेओर्ग डेहिओ हा कलेतिहासकार विरोधात उभा राहिला. त्याचं म्हणणं असं की जुन्या वास्तूला आहे तशी सांभाळा, ती कशी असावी याचा अंदाज बांधून नवी करू नका. आपण बांधू ते आपल्या काळाचं काम असेल आणि त्यावर जुन्याचं नाव लावणं ही फसवणूक होईल. अनेक वर्षं वाद झाला आणि डेहिओचं मत टिकलं. आज जगभर 'जतन करा, नूतनीकरण नको' हे तत्त्व मानतात, त्याच्या पायाभरणीत या अंगणाचा मोठा वाटा आहे. चिंचपाणी, तुमच्या वडिलांना त्या दोन भिंतींसमोर उभं करा. एक बांधून काढलेली, एक तशीच ठेवलेली. त्यांचा प्रश्न तिथे दगडात मांडून ठेवलाय.

डोंगरवाट

पेठकर सर, साष्टांग नमस्कार. पण मला हे पूर्ण पटत नाही.

रायगड १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी जळला. आज वर जाऊन उभं राहिलं तर जोती दिसतात, जोत्यांवरून राजवाड्याची कल्पना करायची. मी माझ्या मुलाला घेऊन गेलो तेव्हा त्याने विचारलं, "महाराज इथे कुठे राहायचे?" मी जमिनीकडे बोट दाखवलं. त्या क्षणी मला वाटलं, एक तरी दालन उभं असायला हवं होतं. ज्यांच्याकडे चार मजली भिंती उरल्यात त्यांना अवशेषांचं सौंदर्य परवडतं. आमच्याकडे अवशेषसुद्धा गुडघ्याएवढेच उरलेत.

पेठकर

डोंगरवाट, तुमचा मुद्दा मी हलका मानत नाही. पण त्या दालनाची उंची किती होती? खांब कसे होते? रंग कोणता? पुरावा नसताना बांधलं तर तुमचा मुलगा आपल्या पिढीतल्या एका कंत्राटदाराचं काम महाराजांचं समजून मनात ठेवील. जोतं खोटं बोलत नाही. २०२५ मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यानंतर तर हे अधिकच जपायला हवं. निखळणारा दगड बसवा, पाणी मुरू देऊ नका, झाडांची मुळं काढा, माहितीफलक चांगले लावा. एवढं केलं तरी पुष्कळ होईल.

घाटमाथा

दोघांचंही पटतंय, त्यामुळे आज झोप लागणार नाही. पण मी हायडेलबर्गच्या गर्दीबद्दलचं माझं मत थोडं मागे घेतो. या दोन भिंतींसमोरून मी फोटो काढत निघून गेलो होतो.

मीठभाकर

जेवणाचं कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी आले.

आई अंडं खात नाही हे महत्त्वाचं. केजश्पेट्झ्लं म्हणजे चीज घातलेल्या शेवयांसारखा प्रकार, 'शाकाहारी' म्हणून सगळीकडे मिळतो, पण त्याच्या पिठात अंडं असतं. जून म्हणजे पांढऱ्या श्पार्गेलचा, शतावरीच्या कोंबांचा हंगाम, २४ जूनला संपतो. कोंब जरूर खाऊ द्या, पण त्यावरचा हॉलंडेझ सॉस अंड्याचा असतो. नुसतं वितळलेलं लोणी आणि उकडलेले बटाटे मागा, वरणभातासारखं साधं आणि पोटाला हलकं. फ्लामकूखन हा पातळ भाकरीसारखा प्रकार बेकनशिवाय करून देतात, आधी विचारा. 'ओने फ्लाइश, ओने आय' हे दोन शब्दप्रयोग आईंना शिकवून ठेवा, मांस नको, अंडं नको. बेकरीतला ब्रेत्सेल बहुतेक वेळा चालतो.

रविवारी सुपरमार्केट बंद, आदल्या दिवशी फळं आणि पाव घेऊन ठेवा. आणि पर्समध्ये सुटी नाणी ठेवा, स्वच्छतागृहाला लागतात.

कोकणकडा

थोडं अवांतर. हाउप्टश्ट्रासेवर बुन्सेनचा पुतळा आहे. शाळेतल्या बुन्सेन बर्नरवालाच. त्याने आणि किर्शहॉफने इथेच वर्णपटाचा अभ्यास करून १८६० आणि १८६१ मध्ये सीझियम आणि रुबिडियम शोधले. आमच्या विजयदुर्गाशी याचं नातं आहे. १८६८ च्या ग्रहणात लॉकियरने विजयदुर्गावरून हेलियम शोधला तो याच तंत्राने!

अमात्य

कोकणकडा, तंत्राबद्दल बरोबर. पण लॉकियर १८६८ मध्ये विजयदुर्गावर नव्हता. त्या ऑगस्टमधलं ग्रहण गुंटूरहून जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाहिलं. लॉकियरने ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. विजयदुर्ग हेलियमशिवायही थोर आहे.

कोकणकडा

शेवटच्या वाक्यासाठी बाकीचं मान्य करतो :)

पेठकर

अवांतरात एक भर. हायडेलबर्गचं विद्यापीठ १३८६ चं, जर्मनीतलं सर्वांत जुनं. तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत, जी १९६२ मध्ये स्थापन झाली, गुंथर सोन्थायमर शिकवत. खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा या दैवतांवर आणि धनगरांच्या ओव्यांवर त्यांनी केलेलं काम आजही आधारभूत आहे. रानोमाळ धनगरांबरोबर फिरून, वाड्यावस्त्यांवर राहून ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. १९९२ मध्ये गेले. जेजुरीचा भंडारा आणि नेकारचं पाणी एका माणसाने जोडलं. मराठी माणसाने त्या गावात गेल्यावर त्यांची आठवण काढावी असं मला वाटतं.

प्राजक्त

सर, त्या संस्थेच्या ग्रंथालयात मी मराठी पुस्तकं वाचत बसायचे. बाहेर बर्फ आणि हातात धनगरी ओव्या. घरची आठवण यायची आणि कमीही व्हायची.

नदीकाठी इक्बाल-उफर नावाचा रस्ताही आहे. कवी मुहम्मद इक्बाल १९०७ मध्ये जर्मन शिकायला इथे राहिले होते. ते राहिले त्या घरावर पाटी आहे, आणि नेकारकाठच्या संध्याकाळवर त्यांची एक उर्दू कविता आहे.

आणि चिंचपाणी, वेळ उरला तर विद्यापीठाचा जुना तुरुंग बघा. विद्यापीठाला विद्यार्थ्यांना शिक्षा करायचा स्वतःचा अधिकार होता. रात्री दंगा केला की काही दिवस कोठडी, मात्र व्याख्यानाला सोडायचे. १९१४ पर्यंत चालला. भिंती, छत, जिना, सगळीकडे मुलांनी काजळीने आणि रंगाने आपली नावं, टोप्या घातलेले चेहरे काढून ठेवलेत. जिना मात्र आहे, बाबांना विचारून.

शुभ्रा

चिंचपाणी, धागा वर काढतेय. जून संपला. गेलात की नाही? आम्ही सगळे वाट बघतोय.

चिंचपाणी

गेलो! उशिराबद्दल माफी. आईबाबा परवा परत गेले, घर रिकामं झालंय, म्हणून आता लिहायला बसलेय.

हा धागा मी आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवला होता. दोन रात्री मुक्काम केला. पहिल्या संध्याकाळी प्राजक्तने सांगितलं तसं पलीकडच्या काठावर बसलो. बाबा जवळजवळ तासभर बोललेच नाहीत. मग म्हणाले, "जागा बरोबर निवडलीय. नदीचं खोरं इथेच अरुंद होतं, खालच्या सपाटीवरून येणारा प्रत्येक जण दिसतो." लांबून फक्त बघून सांगितलं.

रात्री झोपताना आई म्हणाली, "ती मुलगी पाच वाजता चेरी खायची ना? आपण जाऊ या का?" आई तशीही साडेचारला उठते. चेरी आणि पाव आदल्या दिवशी घेतलेच होते (मीठभाकर, तुमच्यामुळे). बेर्गबान इतक्या लवकर नसते, म्हणून बाबांना झोपू देऊन आम्ही दोघीच पायऱ्यांनी निघालो. ३१५ पायऱ्या आहेत. आई तीनदा टेकली, पण चढली. अंगणाला तिकीट लागतं आणि ते उशिरा उघडतं, पण बाहेरची बाग मोकळी असते. तिथे कोणीसुद्धा नव्हतं. खाली नदीवर धुकं, चर्चचा कळस तेवढा वर. आईने पाव मोडला, अर्धा मला दिला. चेरी गार होत्या, देठ ओले. आई म्हणाली, "तिची खोली कुठली असेल गं?" मला माहीत नव्हतं. आईने स्वतःच एक खिडकी ठरवली, मधली, जिच्यातून पलीकडचं झाड दिसत होतं. बराच वेळ तिकडे बघत होती. मग म्हणाली, "माझ्या आईचं घर धरणात गेलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते." हे मला माहीत होतं, पण आईच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. घराचं सगळं सांगितलं तिने, पडवी, विहिरीचा रहाट, परसातला रामफळाचा वृक्ष. सूर्य वर येईपर्यंत आम्ही तिथेच होतो.

नऊनंतर बाबा बेर्गबानने वर आले आणि त्यांनी किल्ला हातात घेतला. फुटलेला बुरूज तुम्हाला आठवत असेल, १६९३ च्या सुरुंगाने उडवलेला दारूगोळ्याचा. अर्धा बुरूज उभा आहे आणि अर्धा एकसंध चिरफळीसारखा निसटून खंदकात टेकलाय. भिंत साडेसहा मीटर जाड. बाबांनी बागेतल्या वाटेवर काठीने रेघ मारली, पावलं टाकत साडेसहा मीटर मोजले, दुसरी रेघ मारली आणि दोन्ही रेघांच्या मध्ये मला आणि आईला उभं केलं. "एवढी भिंत. आणि चुना बघ, फुटताना दगड फुटले पण सांधे सुटले नाहीत." शेजारून जाणारी एक जर्मन शाळा थांबली. बाई काही विचारत होत्या, मी भाषांतर केलं, आणि मग बाबांनी त्या वीस पोरांनाही दोन रेघांच्या मध्ये उभं केलं.

डोंगरवाट

डोळ्यांत पाणी आलं. काकूंना आणि काकांना माझा नमस्कार सांगा.

मीठभाकर

श्पार्गेल खाल्लं की नाही?

चिंचपाणी

दोनदा! लोणी आणि बटाट्यांबरोबर. आईने स्वतः 'ओने आय' म्हणून मागितलं.

पेठकर

आणि वडिलांच्या प्रश्नाचं काय झालं? दोन भिंतींसमोर उभं केलंत का?

चिंचपाणी

सर, केलं. तुमचं आणि डोंगरवाटदादांचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. आधी छपराच्या इमारतीपुढे, मग उघड्या इमारतीपुढे, मग पुन्हा मागे, असे बराच वेळ फिरत होते. मत काही बदललं नाही. त्यांचं अजूनही म्हणणं आहे की वरून छप्पर घालायला हवं होतं, शेकडो वर्षं पावसात राहिलं की दगडाचे नाकडोळे जातात. त्यावर तिथल्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलं की भिंतीवर आता प्रतिकृती आहेत, मूळ पुतळे काढून आत ठेवलेत. बाबांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग काठी बगलेत धरली आणि म्हणाले, "आत ठेवलेत ना? मग ठीक आहे. चल, ते पिंप दाखव."